दळवी रेषा

हेरंब दळवीनं मेलेल्या बायकोचा श्वास पुन्हा ऐकला तो ऑफिसात, दुपारचा चहा यायच्या थोडा आधी.

बोरपठारच्या चाचणी तळावर तो खुर्च्यांचं काम बघायचा. विमान हातचं गेलं की वैमानिकाला घेऊन जी बाहेर उडते, ती खुर्ची. उभी नोकरी त्यानं त्यातच काढली होती. प्रकल्पप्रमुख डॉ. मृण्मयी टेंबे यांनी सकाळी त्याच्याकडे जुन्या उड्डाणांची ध्वनिमुद्रणं पाठवली होती. सोबत फोनही केला होता. "दळवी, तुम्हाला जड जाणार, कळतंय मला. पण खुर्चीबद्दल मत दुसरं कोण देणार?"

त्यानं हेडफोन लावला. आधी खरखर, मग दोन माणसांचे श्वास. एक भरभर चाललेला, एक सावकाश. सावकाश होता तो शलाकाचा. पावसाळ्यात तिचं दुखणं कळलं आणि दिवाळीच्या आधी ती गेली. त्यानंतर तिचा श्वास त्याच्या कानावर पडला तो आज.

त्याला रडू यायला हवं होतं. त्याऐवजी मनात आलं, 'हा आवाज शितोळेनं आठ वर्षं ऐकला.'

लढाऊ विमानात तोंडावर मुखवटा असतो. त्यातून प्राणवायू येतो आणि त्यातच माइक बसवलेला असतो. दोन माणसांच्या विमानात हा माइक बंद ठेवायची पद्धत नाही. बोलायचं म्हणून बटण दाबावं लागलं तर उशीर होतो, आणि त्या वेगात उशीर म्हणजे समोरचा डोंगर. त्यामुळे पुढच्याला आणि मागच्याला एकमेकांचा प्रत्येक श्वास ऐकू येतो. खोकला, उसासा, गिळलेला आवंढासुद्धा. शलाका मागच्या खुर्चीवर बसायची आणि पुढे ग्रुप कॅप्टन उदयन शितोळे. हेरंब आणि शलाकाचा संसार जास्त वर्षांचा होता. पण घरात कोण कोणाचा श्वास ऐकत बसतो? घरी टीव्ही असतो, कुकर असतो.

चहा आला. हेरंबनं तो तसाच गार होऊ दिला.

प्रश्न 'श्येन' विमानाचा होता. श्येनची दोन रूपं होती. दोन खुर्च्यांचं ते दुहेरी, एका खुर्चीचं ते एकेरी. तळावर सगळे तसंच म्हणायचे, जसं बॅडमिंटनमध्ये म्हणतात. दुहेरीत पुढचा माणूस विमान चालवतो. मागचा रडार बघतो, शत्रूच्या रडारला आंधळं करतो, क्षेपणास्त्रं सांभाळतो आणि बरोबर उडणाऱ्या बिनमाणसांच्या ड्रोनना हाकतो. एकेरीत मागची खुर्ची काढली की तिथं इंधनाची टाकी बसते. विमान हलकं होतं, लांब जातं, आणि पडलं तर एकच घर रडतं. हिशेबात एकेरी उजवं.

अडचण माणसाच्या डोक्याची. माणसाचं लक्ष म्हणजे अरुंद तोंडाचं मडकं. वरून कितीही ओता, आत जायचं तेवढंच जातं. एकट्या वैमानिकाच्या मदतीला आधी जी यंत्रं बसवली, ती सगळं एकदम सांगायची. खाली डोंगर, उजवीकडे रडार, इंधन कमी, मागून क्षेपणास्त्र. वैमानिक वैतागून त्यांचा आवाज बंद करायचे. मग टेंबेबाईंच्या माणसांनी वेगळा विचार केला. चांगला मागचा गडी काय करतो? तो काय बोलतो त्यापेक्षा केव्हा बोलतो ते महत्त्वाचं. माणूस चुकायच्या क्षणभर आधी त्याचा श्वास अडतो. त्याला स्वतःला ते कळत नाही. मागच्याला ऐकू येतं, आणि तो नेमका तेव्हा बोलतो. एरवी गप्प.

त्यांनी हजारो उड्डाणांचे श्वास आणि शब्द एका यंत्राला शिकवले. त्याचं नाव सहचर. त्यात सगळ्यात पक्की जोडी निघाली ती शितोळे आणि शलाका दळवी. इतकी वर्षं एकत्र उडालेलं दुसरं कोणी नव्हतंच. सहचरचा आवाज साधा, पुरुषाचा, रेल्वेच्या घोषणेसारखा कोरडा होता. पण बोलायची वेळ शलाकाची होती. एकेरीत तो बसवला, शितोळेनं एक चक्कर मारली आणि उतरल्यावर तो बराच वेळ विमानाच्या शिडीवर बसून राहिला, असं मेकॅनिक सांगत होते.

आता शेवटचं ठरायचं होतं. वैमानिक बेशुद्ध झाला, भांबावला, तर खुर्ची उडवायचा हक्क सहचरला द्यायचा का? दुहेरीत हा हक्क मागच्याला असतो. मागे एक खटका असतो, त्याच्या दोन जागा. एका जागेवर ठेवला तर मागच्यानं खुर्ची उडवायची मूठ ओढल्यावर तो एकटाच बाहेर. दुसऱ्या जागेवर ठेवला तर दोघे बाहेर, आधी मागचा, मग पुढचा. उड्डाणाआधी मागच्यानं खटका ठेवून मोठ्यानं म्हणायचं, "दोघे." पुढच्यानं उत्तर द्यायचं, "दोघे."

ध्वनिमुद्रणात तेही होतं. शलाका म्हणाली, "दोघे." शितोळे म्हणाला, "दोघे." रोज सकाळी. हेरंबला वाटलं, आपल्या लग्नात जे काही म्हणायचं ते भटजींनीच म्हटलं. आपण दोघं नुसती मान हलवत होतो.

केव्हा ओढायचं, त्याचं उत्तर मात्र हेरंबचं होतं. खुर्चीला बाहेर पडून हवाई छत्री उघडायला थोडा वेळ लागतो. विमान किती खाली आहे, किती जोरानं खाली चाललंय, किती कललंय यावरून एक रेषा निघते. त्या रेषेच्या खाली गेलं की खुर्ची उडूनही माणूस वाचेल याची खात्री नाही. ही रेषा हेरंबनं काढली होती, आणि स्क्वाड्रनमध्ये तिला दळवी रेषाच म्हणत. शलाकाला त्यावरून चिडवायचे. "बाई, नवऱ्यानं आखलेली रेषा, ओलांडायची नाही हां!" ती रेषा काढताना घरच्या जेवणाच्या टेबलावर बसून तिनंच त्यातली एक चूक दाखवली होती.

पाठवलेल्यांतलं सगळ्यात महत्त्वाचं उड्डाण त्यानं संध्याकाळी लावलं. दरीतून खालून चाललेलं विमान. धाडकन आवाज, एक घार इंजिनात गेली होती. धोक्याची घंटा. शितोळेचा श्वास धापा टाकल्यासारखा. पडद्यावर विमानाचा ठिपका दळवी रेषेला टेकला. शलाका गप्प. ठिपका रेषेच्या खाली गेला. शलाका गप्प. तिचा हात मुठीवर होता, ते विमानातल्या नोंदीत होतं. तरीही तिनं ती ओढली नाही. शितोळेचा श्वास एकदा पूर्ण थांबला, मग जोर लावताना माणूस कण्हतो तसा एक आवाज आला आणि ठिपका वर चढू लागला. बऱ्याच वेळानं शलाकाचा आवाज आला.

"आलास?"

"आलो."

"मग चल घरी."

हेरंबनं हेडफोन काढून ठेवला. तो दिवस त्याला आठवत होता. तिनं दोन भाकरी जास्त खाल्ल्या होत्या. "आज एक घार आडवी आली," एवढंच म्हणाली होती. त्यानंही पुढे विचारलं नव्हतं.

त्याची रेषा तिला पाठ होती. ती रेषा तिच्यासाठीच होती, असं त्यानं कधी तिला सांगितलं नव्हतं, पण होती. आणि त्या रेषेखाली ती दुसऱ्या माणसाच्या श्वासावर विश्वासून बसून राहिली.

*

रविवारी शितोळे जेवायला आला. शलाका असताना यायचा, ती गेल्यावरही येत राहिला. शलाकाची आई सुनंदाबाई लेकीच्या आजारपणात कोल्हापूरहून आल्या होत्या, त्या परत गेल्याच नव्हत्या. जावयाला एकटं टाकून जायचं त्यांना पटेना.

"काकू, खरडा आहे का?" शितोळे बूट काढता काढताच म्हणाला.

"हाय की. तुझ्यासाठीच केलाय, मेल्या. हात धू आधी." मग त्या हेरंबकडे वळल्या. "हेरंबराव, तुम्ही बसा. तुम्हाला कमी तिखटाचं वेगळं काढलंय."

इतकी वर्षं झाली, जावई तो जावईच. आणि हा मात्र मेला, हात धू. हेरंबनं मुकाट्यानं पानावर बसून कमी तिखटाचं खाल्लं.

जेवताना शितोळे एकेरीबद्दलच बोलत होता. "काकू, आतलं ते यंत्र आहे ना, हुबेहूब. मी डावीकडे जास्त कललो की शलाका जशी जीभ टाळ्याला लावून आवाज करायची, तसा नाही करत. पण बरोबर त्या वेळेला बोलतं. अंगावर काटा येतो."

"माझी पोरगी लहानपणापास्नं तशीच," सुनंदाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "नको तेव्हा कधी बोलायची न्हाई."

हेरंबला शेवटचे दिवस आठवले. दवाखान्यात शलाकाच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा होता. तिनं दोन बोटं कपाळाशी नेऊन खाली टाकली. हेरंबनं विचारलं, पाणी हवंय? दुखतंय? डॉक्टरला बोलावू? शितोळे पायाशी बसला होता. तो काही न बोलता उठला आणि त्यानं खिडकीचा पडदा ओढला. ऊन तिच्या डोळ्यांवर येत होतं. विमानात चढायच्या आधीची ती त्यांची खूण होती, ऊन आहे, शिरस्त्राणाची काच खाली ओढ. शलाकानं डोळे मिटले, आणि हेरंब हातात पाण्याचा पेला घेऊन उभा राहिला.

सोमवारी त्यानं टेंबेबाईंना आपलं मत सांगितलं. "सहचरला हक्क द्या. पण रेषा पक्की करा. विमान रेषेला टेकलं की मूठ ओढायची. श्वास बघायचा नाही, वाट बघायची नाही."

टेंबेबाईंनी चष्मा काढला. "मग सहचर आणि साधा खटका यात फरक काय राहिला? ती जिथं थांबली तिथं थांबणं हेच तर तो शिकलाय. त्या दिवशी रेषेवर मूठ ओढली असती तर एक चांगलं विमान गेलं असतं, आणि दोन पाठी मोडल्या असत्या."

"आणि विमान वर आलं नसतं तर?"

"पण आलं."

"पण आलं म्हणून रेषा खोटी होत नाही, मॅडम."

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. फक्त एवढंच म्हणाल्या, "शुक्रवारपर्यंत विचार करा. तुमच्या सहीशिवाय पुढे जाणार नाही मी."

बातमी शितोळेकडे पोचायला वेळ लागला नाही. कँटीनमध्ये तो समोर येऊन बसला. "रेषा पक्की करतोयस म्हणे."

"हो."

"हेरंब, तुझी रेषा सगळ्यांसाठी आहे. शलाका फक्त माझ्यासाठी थांबायची. तो फरक तू पुसून टाकतोयस."

"माझ्यासाठी थांबायची" हे शब्द हेरंबला झोंबले. "मी खुर्चीवाला आहे," तो म्हणाला. "मला माणूस जिवंत बाहेर आणायचा असतो. बाकी मला काही कळत नाही."

"माझी पाठ एकदा खुर्चीनं मोडलीय. तरुणपणी. दुसऱ्यांदा उडालो तर मी पुन्हा विमानात बसणार नाही. तुला माहीत आहे ते."

"आहे."

"मग हे सुरक्षेसाठी नाही," शितोळे उठता उठता म्हणाला. "तिला माझ्या मागून काढायचंय तुला."

घरी आल्यावर हेरंबनं सासूबाईंना सगळं सांगितलं. का सांगितलं कुणास ठाऊक. दुसरं कोणी नव्हतं घरात. सुनंदाबाई मेथी निवडत होत्या.

"हेरंबराव, एक बोलू? राग येऊ द्यायचा न्हाई."

"बोला, आई."

"जळताय तुम्ही."

तो मेथीची एक जुडी ओढून निवडू लागला.

"माझ्या पोरीनं वाईट वंगाळ काय केलं न्हाई. तिकडं काम केलं, हिकडं संसार केला. आता ती राहिलीय त्या यंत्रात चिमूटभर, तीबी तुम्ही खुडून टाकणार. कशाला? तो उदय तिला बरोबर हिंडवतोय म्हणून?" त्यांनी मेथीच्या काड्या बाजूला सारल्या. "हिंडवू द्या की. तुम्हाला काय विमान उडवायचंय होय?"

हेरंब त्या दिवशी लवकर झोपला. सकाळी उठल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटली. सासूबाईंचं खरं होतं. रेषेचा हिशेब बरोबर होता, पण तो मांडायला त्याला बसवलं होतं मत्सरानं. रेषा मोकळी ठेवायची आणि सही करून टाकायची, असं त्यानं ठरवलं.

*

सहीआधी एकच काम राहिलं होतं. शितोळेनं एकेरीतून सहचरबरोबर केलेली नवी उड्डाणं त्यानं अजून ऐकली नव्हती. पडद्यावर ठिपके पाहिले होते, आवाज ऐकला नव्हता. न ऐकताच सही केली असती तरी कोणी विचारलं नसतं. पण न बघता सही करायची त्याची पद्धत नव्हती.

दुपारी त्यानं ती लावली. दरी, वळण, खाली सूर. ठिपका दळवी रेषेशी आला. सहचर गप्प. ठिपका थोडा खाली गेला आणि वर आला. दुसरं उड्डाण, तेच. तिसऱ्यात अजून खाली. दर वेळी सहचर गप्प बसून वाट पाहत होता. टेंबेबाईंच्या माणसांनी अहवालात कौतुकच केलं होतं, की वैमानिक पूर्ण शांत, यंत्राचा त्याच्यावर पूर्ण विश्वास.

हेरंबनं आवाज वाढवला. शितोळेचा श्वास संथ होता. घारीच्या दिवशी तो फाटला होता, मग थांबला होता, मग जोर लावून बाहेर पडला होता. हा तसा नव्हता. रेषेच्या वर जसा, रेषेच्या खालीही तसाच. झोपलेल्या माणसासारखा.

हा श्वास हेरंबच्या ओळखीचा होता.

त्याच्या मनगटावर तब्येत बघणारा पट्टा होता. शलाका गेल्यापासून तो पट्टा रोज त्याचं कौतुक करायचा. आज तुमचा श्वास शांत आहे, असंच राहा. गेल्या महिन्यात महामार्ग ओलांडताना एक ट्रक त्याच्या अगदी अंगाजवळून गेला. ड्रायव्हरनं थांबून शिव्या दिल्या. हेरंबनं घरी येऊन पट्टा बघितला. ट्रकच्या वेळी श्वासात काही फरक नव्हता. त्याला तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं. काही वाटत नव्हतं, हेच तर होतं ते.

सहचर काय शिकला होता? घारीसारखा दिवस सोडला तर शितोळेचा श्वास स्थिर, म्हणजे विमान त्याच्या ताब्यात. शलाका जिवंत असताना ते खरं होतं. पण शिकवणीच्या सगळ्या वर्षांत शलाका जिवंत होती. ती गेल्यानंतरचा शितोळे यंत्राला माहीतच नव्हता. घाबरत नसलेला माणूस आणि घाबरायचं सोडून दिलेला माणूस, दोघांचा श्वास त्याला एकच वाटत होता.

हेरंब तसाच उठला आणि हँगरकडे गेला. शितोळे विमानाच्या पंखाखाली सावलीत, डबा उघडून बसला होता.

"रेषेखाली का जातोस?" हेरंबनं उभ्या उभ्याच विचारलं.

"चाचणी आहे. यंत्र किती थांबतं ते बघायचं."

"मी ऐकलंय सगळं. आत्ताच. मला खोटं सांगू नकोस, उदयन. माझाही श्वास तसाच चालतो हल्ली."

शितोळेनं घास खाली ठेवला. नजर समोरच्या तापलेल्या डांबराकडे वळवली.

"वर असताना सहचर बोलतो," तो म्हणाला. "बरोबर बोलतो, पण बोलणारा तो असतो. आवाज त्याचा. रेषेच्या खाली गेलं की तो गप्प होतो. ती व्हायची ना, तसाच. मागे कोणीतरी हात मुठीवर ठेवून माझं ऐकत बसलंय, असं वाटतं." तो हसल्यासारखं करून म्हणाला, "तेवढाच वेळ ती मागे असते. तेवढ्यासाठी जातो."

 हेरंबला दया यायला हवी होती, ती नंतर आली. आधी मनात आलं ते हे, की याला तिला भेटायला एक जागा आहे. भले मरणाच्या दारात असो, पण आहे. मी घरभर फिरतो, तिचा चष्मा, तिची चप्पल, तिचा गाऊन सगळं जिथल्या तिथं आहे, आणि मला ती कुठंच भेटत नाही. क्षणभर त्याला वाटलं, जाऊ दे खाली. जाऊ दे, जितकं जायचं तितकं.

त्या विचाराची त्याला भीती वाटली. मनगटावरचा पट्टा थरथरला. श्वास वाढला होता.

"तू वैद्यकीय मंडळाकडे जा," तो म्हणाला. "आज."

"गेलो तर कायमचा जमिनीवर बसवतील. मग मी काय करू? तू मला सांग, मी काय करू?" शितोळेचा आवाज चढला. "सांगणारेस त्यांना?"

 सांगणं योग्य होतं. पण या माणसाकडे विमानाशिवाय काही उरलं नव्हतं, हेही हेरंबला दिसत होतं.

"दुहेरी-एकेरीची शेवटची तुलना झाली की तू स्वतः जाशील, असा शब्द दे. तोवर मी बोलत नाही. पण रेषा पक्की होणार."

"लोक म्हणतील, नवरा जळला."

"म्हणू देत."

"टेंबे कारण विचारतील."

"विचारू देत. जळलोच आहे मी, खोटं थोडंच आहे?"

शितोळेनं डब्याचं झाकण लावलं. "दिला शब्द," तो म्हणाला, पण हेरंबकडे बघून म्हणाला नाही.

शुक्रवारी टेंबेबाईंनी कारण विचारलंच. हेरंबनं हिशेब पुढे केला. त्यांनी तो वाचला, बाजूला ठेवला आणि विचारलं, "दळवी, शलाका नसती मागच्या खुर्चीवर, दुसरं कोणी असतं, तरी हेच म्हणाला असतात?"

"माहीत नाही, मॅडम."

"निदान खरं बोललात." त्यांनी सही घेतली. सहचरची रेषा पक्की झाली. सुनंदाबाई पुढचे काही दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलल्या. कमी तिखटाची भाजी वेगळी काढणंही त्यांनी थांबवलं.

*

शेवटच्या तुलनेत एकाच दरीतून आधी दुहेरी जाणार होतं आणि मग एकेरी. दुहेरीत तरुण जोडी होती. ते व्यवस्थित गेले, व्यवस्थित आले. मागच्या मुलीनं दोनदा सावध केलं, एकदा जरा उशिरा. मग एकेरी निघालं. नियंत्रण खोलीत हेरंब मागच्या रांगेत हेडफोन लावून बसला होता.

दरीच्या मध्यावर उजव्या पंखाचं, विमान वळवणारं एक पातं अडकलं. नाटक नव्हतं, खरोखरच अडकलं. विमान कलून खाली जाऊ लागलं. सहचर दोनदा बोलला, बरोबर वेळेवर. शितोळेचे हात काम करत होते. सगळं करायचं तेच करत होते. श्वास संथ होता.

ठिपका रेषेकडे सरकत होता. टेंबेबाई पुटपुटल्या, "काढतोय, काढतोय तो वर..."

हेरंबला ऐकू येत होता फक्त श्वास. आत, बाहेर. आत, बाहेर. ओढ, तो मनात म्हणाला, ओढ.

ठिपका रेषेला टेकला. हेडफोनमध्ये मोठा आवाज झाला आणि मग वाऱ्याचा फडफडाट. थोड्या वेळानं कॅमेऱ्याच्या पडद्यावरच्या डोंगरावर धूर दिसला, आणि त्याच्या अलीकडे, हवेत, एक छत्री.

खोलीत कोणी टाळी वाजवली नाही. एक जण म्हणाला, "अरे, आलं असतं वर!" कोणीतरी त्याला गप्प केलं. सगळ्यांनी हेरंबकडे वळून पाहिलं. हेरंबनं हेडफोन काढला नाही. खुर्चीबरोबर उडालेला छोटा रेडिओ चालू होता, त्यातून शितोळे धापा टाकत होता, कण्हत होता, शिव्या देत होता. भरभर, फाटलेला, घाबरलेला श्वास. किती तरी दिवसांनी.

नंतर तज्ज्ञांनी संगणकावर ते उड्डाण पुन्हा पुन्हा उडवून पाहिलं. कधी विमान वर यायचं, कधी यायचं नाही. एकमत झालं नाही. समितीनं एकेरी मंजूर केलं, रेषा पक्की ठेवून, आणि अवघड कामगिऱ्यांसाठी थोडी दुहेरीही ठेवली.

*

शितोळेच्या पाठीचे दोन मणके दबले होते. दवाखान्यात तो उताणा पडून होता. हेरंब आत आला तेव्हा त्यानं तोंड भिंतीकडे वळवायचा प्रयत्न केला, पण मान पट्ट्यात होती.

"मी काढलं असतं वर," तो छताकडे बघत म्हणाला.

"असेल."

"ती असती तर तिनं ओढली नसती."

"नाही," हेरंब म्हणाला. "तिनं नसती ओढली. मी ओढली."

 हेरंबनं स्टूल ओढून घेतलं. नर्स येऊन सलाईन बघून गेली. मग शितोळेच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी निघून कानांत जाऊ लागलं, आणि त्याला पुसता येईना. तो उघड उघड, लहान पोरासारखा रडत होता. आवाज काढून. हेरंबला त्याचाही हेवा वाटला. त्याला स्वतःला असं रडता आलं नव्हतं, ना स्मशानात ना नंतर. त्यानं खिशातला रुमाल काढला आणि शितोळेचे कान पुसले.

"मंडळासमोर सांगितलं मी सगळं," शितोळे जरा सावरल्यावर म्हणाला. "डॉक्टरबाई येते रोज. बोलायला लावते. बरी आहे. कॉफी फार पिते." मग थांबून म्हणाला, "उडणं संपलं माझं."

"हो."

"तुला बरं वाटलं असेल."

"थोडं," हेरंब म्हणाला. "खरं सांगायचं तर थोडं वाटलं. जास्त नाही."

शितोळे हसला आणि हसल्यामुळे कळवळला.  बाहेर कुणाची तरी ट्रॉली करकरत गेली.

"हेरंब, तुला एक विचारू? आठ वर्षं ती माझ्या पाठीमागे बसली. काम करताना मी तिचा चेहरा एकदाही पाहिला नाही. नुसता आवाज. तुझ्या घरी जेवायला यायचो तेव्हा ती तुझी बायको असायची. दुसरीच." मान वळवता येईना म्हणून त्यानं डोळेच हेरंबकडे वळवले. "घरी कोणी नसताना कशी असायची ती? तुला सगळं माहीत असणार. मला फार वाटायचं तेव्हा, की दळवी नशीबवान आहे."

 असं कोणाला वाटत असेल, हे हेरंबच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"घोरायची," तो म्हणाला.

"खोटं!"

"शपथ. कोल्हापूरच्या बससारखी. मी उशी घेऊन बाहेरच्या खोलीत जायचो."

"श्वास तर इतका सावकाश..."

"तो तिकडचा. इकडचा हा असा."

शितोळे पुन्हा हसला, दात आवळून, डोळे मिटून. मग म्हणाला, "अजून सांग."

हेरंबच्या ओठांवर आलं होतं. ती भांडण झाल्यावर काय करायची, आंघोळ करून आल्यावर काय गुणगुणायची, शेवटच्या आठवड्यात मुखवटा काढून ती त्याच्या कानात काय म्हणाली. तो उठला. स्टूल जागेवर ठेवलं. शितोळेच्या पांघरुणाचं टोक नीट केलं.

"नाही," तो म्हणाला. "बाकीचं माझं आहे."